एक्सला असू दे

आप्पा सकाळपासून माझ्या पुस्तकांना कव्हरं घालत बसले आहेत.

आप्पा म्हणजे माझे वडील. करमाळ्याला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. आई धाकटीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा ‘एकटे काय करणार तिथं’ म्हणून मी त्यांना बंगळुरूला घेऊन आले. पण रिकामं बसणं त्यांच्या हातांना ठाऊक नाही. काल मी शाळेतून दहावीच्या नव्या पुस्तकांचा गठ्ठा घरी आणला आणि त्यांचा चेहरा उजळला. खाकी कागद, टेप, कात्री आणि पिशवीत कायम असणारा तो चपटा निळा खडू काढून त्यांनी बनशंकरीतल्या माझ्या दोन खोल्यांपैकी एकीचं दुकान करून टाकलं.

“कव्हराला पण खडूनं रेघ मारायची?” मी विचारलं.

“रेघेशिवाय कात्री चालवायची नसते. खडू चुकला तर पुसता येतो. कात्री चुकली तर गिऱ्हाइकाला तोंड दाखवता येत नाही.”

बाहेर जूनचं ढगाळ, गार आभाळ आहे. करमाळ्यात जून म्हणजे तापलेला पत्रा आणि आभाळाकडे लागलेले डोळे. इथं जून म्हणजे पंखा बंद करायचा महिना. समोरच्या गुलमोहराच्या पाकळ्या खाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवर ओल्या चिकटून बसल्या आहेत. उद्या शाळा सुरू. खोलीभर नव्या पुस्तकांचा वास आहे, आणि बत्तीस वर्षांची मी सातवीतल्या पोरीसारखी मधूनच एखादं पुस्तक उचलते, मधोमध उघडते, नाक खुपसते आणि परत ठेवते.

पंधरा दिवसांत आप्पा दोन कन्नड शब्द शिकले आहेत. एक ‘स्वल्प’, म्हणजे थोडंसं. दुसरा ‘इरली’. कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्यानं तो शिकवला. शहाळं पिऊन झाल्यावर आप्पा आपली आणि इतरांचीही टरफलं गोळा करून टोपलीत टाकायला लागले. तेव्हा तो घाईघाईनं म्हणाला, “इरली बिडी, अण्णा, इरली बिडी!” आप्पांनी दोन्ही हात जोडले. “नको बाबा, मी ओढत नाही.” मी हसून हसून खाली बसले. ‘इरली’ म्हणजे असू दे, ‘बिडी’ म्हणजे सोडा. असू द्या, राहू द्या. तेव्हापासून आप्पा दिवसातून दहादा कुणाला ना कुणाला इरली म्हणतात.

गणिताच्या पुस्तकाची पाळी आली तेव्हा ते थबकले. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखतात. गिऱ्हाइकांची नावं कापडाच्या चिठ्ठीवर लिहून लिहून शिकले.

“हा शब्द दर पानावर आहे बघ. एल, ई, टी. काय गं हे?”

“लेट.”

“लेट? म्हणजे उशीर? एसटी लेट असते तसं?”

“नाही आप्पा. हे वेगळं लेट.”

“वेगळं म्हणजे कसं?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की याच प्रश्नाचं उत्तर देता देता माझा अख्खा गेला उन्हाळा गेला होता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या शाळेत सांगितलं गेलं, की जूनपासून नववीला इंग्रजी आणि गणित हे दोन्ही विषय नव्या अभ्यासक्रमानं शिकवायचे. नवीन निकष, नवीन पुस्तकं, नवीन तऱ्हेची परीक्षा. स्टाफरूममध्ये निम्म्या लोकांनी सुस्कारे टाकले. मी मात्र नमुना म्हणून आलेलं गणिताचं पुस्तक मागून घेतलं आणि घरी येताना बसमध्येच वाचायला सुरुवात केली. बनशंकरीचा स्टॉप गेला, पुढचाही गेला, तरी मी वाचत होते.

काय नव्हतं त्यात! धडा सूत्रानं सुरू होत नव्हता, प्रश्नानं होत होता. दारापुढची रांगोळी काढणाऱ्या बाईला ठिपके किती लागतील हे तिला आधी कसं कळतं? टाकीची सावली दुपारी आखडते ती किती? आणि प्रत्येक उदाहरणाखाली एक नवीनच सूचना: ‘आज गैरहजर असलेल्या मैत्रिणीला कळेल अशा तीन-चार वाक्यांत, तुम्ही हे का केलंत ते लिहा.’ इंग्रजीचं पुस्तकही तसंच. त्यात आलेख वाचायचे होते, दुसऱ्याचं म्हणणं तपासायचं होतं, ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जर असं असेल तर’ हे शब्द नीट वापरायला शिकायचं होतं. जणू दोन विषयांनी मधली भिंत पाडून एकच अंगण केलं होतं. आठवड्यातून एक तास तर इंग्रजी आणि गणिताच्या शिक्षकांनी एकत्रच घ्यायचा होता.

मी प्रमेयं स्वल्पविरामासकट पाठ करून पास झालेली मुलगी. पक्ष, साध्य, सिद्धता. बाईंनी फळ्यावर लिहिलं तसं वहीत, वहीत तसं पेपरात. ‘का केलंस?’ असं मला शाळेत कुणी विचारलं नव्हतं. घरी परत येणारी बस पकडून मी आले तेव्हा अंधारून आलं होतं. हे मला शिकवायचं होतं. नववीला मलाच शिकवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी कोऑर्डिनेटर मॅडमनी बोलावलं. आमच्या शाळेत कुणी काय शिकवायचं हे त्या ठरवतात. बाई सरळ आहेत, गोड बोलत नाहीत, पण मनात काही ठेवत नाहीत.

“स्वाती, युवर मॅथ्स इज सुपर,” त्या म्हणाल्या. पुढचा ‘बट’ मला त्यांच्या चेहऱ्यावर आधीच दिसला. “बट द न्यू कोर्स हॅज सो मच लँग्वेज. तू वर्गात फार कमी बोलतेस. सगळं फळ्यावर लिहितेस. आठवीच तुझ्याकडे राहू दे का?”

मी मान खाली घातली. खोटं नव्हतं ते. मी वर्गात इंग्रजी बोलत होते ते पाचपन्नास वाक्यांपुरतं. ओपन द बुक. लुक हिअर. क्लिअर? बाकी सगळं आकड्यांच्या भरवशावर. आकड्यांना इंग्रजी येत नाही, हा माझा मोठा आधार होता.

“मॅडम, एकदा डेमो घेऊ द्या,” मी म्हणाले. माझ्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे.

त्यांनी कॅलेंडर पाहिलं. “एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. इंग्रजीच्या वत्सला मॅमबरोबर एकत्र तास. मग ठरवू.”

आकड्यांचा आधार मी का घेतला, ते सांगायला पाहिजे.

आमच्या मराठी शाळेत सातवीला एकचल समीकरणं आली. घाडगे सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘समजा, मुलीचे वय क्ष वर्षे आहे.’ मी ते वाचलं आणि समजायला लागले. मनापासून. मला वाटलं, हा हुकूम आहे: समजून घ्या! मी क्षकडे टक लावून पाहत बसले. डोळ्यांतून पाणी आलं तरी काही समजेना. सगळी पोरं पुढं गेली, मी पहिल्या ओळीवरच. घाडगे सर बाकाजवळ आले. म्हणाले, “काय झालं गं?”

“सर, क्ष समजत नाही.”

“अगं, समजा म्हणजे समजून घ्या नव्हे. समजा म्हणजे धरून चाला.”

माझा चेहरा पाहून त्यांनाच हसू आलं. “आणि धरून चाला म्हणजे बोट धरून नव्हे. आपल्याला माहीत नाही, तरी आहे म्हणायचं आणि पुढं जायचं. शेवटी तोच सांगतो आपण कोण ते.”

त्या दिवशी मला गणित आवडायला लागलं. माहीत नसलेल्या गोष्टीला नाव देऊन पुढं जाता येतं, हे मला फार मोठं वाटलं. आमच्या घरात माहीत नसलेल्या गोष्टी खूप होत्या.

मग अकरावी. बार्शीला, सायन्स, सगळं इंग्रजीतून. घरातलं कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही, त्यामुळं विचारायचं कुणाला? पहिल्याच आठवड्यात सरांनी लिहिलं, ‘लेट एक्स बी.’ पुढं काहीतरी होतं, पण मी तिथंच अडकले. ‘लेट’ मला शाळेत शिकवलं होतं: लेट मी गो, मला जाऊ द्या. लेट इट बी, असू दे. म्हणजे लेट एक्स बी म्हणजे... एक्सला असू दे. त्याच्या नादी लागू नका. मी मनाशी म्हटलं, बरं आहे, इथले सर माणुसकीचे आहेत.

चाचणीत गणित आलं. वडिलांचं वय एक्स, मुलाचं वाय. शेवटी नुसतं ‘सॉल्व्ह’. मी वायचं उत्तर काढलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि एक्सला हात लावला नाही. असू दिलं.

सरांनी माझा पेपर वर्गात उंच धरला. “या मुलीनं मुलाचं वय काढलंय आणि बापाला सोडून दिलंय. एक्सवर दया केलीय बाईंनी.” का सोडलं म्हणून त्यांनी विचारलं आणि मी भाबडेपणानं खरं सांगितलं. ऐंशी पोरांचा वर्ग बाकं बडवून हसला. त्या दिवसापासून माझं नाव ‘असूदे’ पडलं. “ए असूदे, डबा आणलास का? ए असूदे, जर्नल दे.” दोन वर्षं.

हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी पदवी घेतली, पदव्युत्तर शिक्षण घेतलं, बीएड केलं. चोविसाव्या वर्षी बंगळुरूला आले, कोरमंगलातल्या पीजीत राहून ऑनलाइन शिकवणाऱ्या एका कंपनीत उत्तरं तपासायचं काम केलं, मग या शाळेत लागले. पण इंग्रजीतून प्रश्न मात्र पुन्हा कधी विचारला नाही. आणि आता नवा अभ्यासक्रम म्हणत होता: का केलंस ते वाक्यांत सांग.

एप्रिलभर सुट्टीतल्या रिकाम्या शाळेत मी आणि वत्सला अक्का तयारी करत होतो. अक्का इंग्रजी शिकवतात, घर राजाजीनगरात. त्या मराठी आहेत, पण आपल्याकडच्या मराठीची सवय असलेल्या माणसानं त्यांच्या पहिल्या वाक्याला दचकावं. त्यांचे पूर्वज इकडं कधी आले हे त्यांच्या पणजोबांनाही ठाऊक नव्हतं. घरात मात्र भाषा टिकली, कन्नडचा हात धरून.

“काय गे, स्वल्पही जेवली नाहीस की!” त्या माझा डबा उघडून म्हणायच्या. “हा चित्रान्नाचा भात घे. कच्च्या आंब्याचा आहे. आधी पोट, मग अल्जिब्रा, सरी? ठीक?”

अकरा वाजता आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी प्यायचो. एकीला पूर्ण कॉफी जास्त होते, म्हणून बाय-टू. म्हणजे एक कॉफी, दोन पेल्यांत. काउंटरवरचा माणूस न मोजता ओततो, आणि दोन्ही पेल्यांत कॉफी अगदी सारखी असते. एकदा अक्का पेला तोंडाशी नेता नेता थांबल्या. “आपला तासही हाच गे. बाय-टू. अर्धा तुझा, अर्धा माझा, आणि फेस दोघींचा.” मुलांना हे नाव इतकं आवडलं, की वेळापत्रकावर काहीही छापलेलं असो, आज नववीत त्या तासाला बाय-टूच म्हणतात.

अक्कांनी मला डेमोची वाक्यं लिहून दिली. मी ती पाठ केली, प्रमेयासारखी, स्वल्पविरामासकट. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, बसमध्ये ओठातल्या ओठात. अक्कांना ते पटत नव्हतं. “पाठ केलेलं वाक्य म्हणजे भाड्याचं घर गे. खिळा मारायला भीती वाटते.” मी म्हटलं, “अक्का, आत्ता डोक्यावर छप्पर असू दे.”

डेमो ग्रंथालयात होता. सुट्टीत बोलावलेली नऊ मुलं, मागच्या रांगेत मुख्याध्यापक, कोऑर्डिनेटर मॅडम, आणि दोन पालक. खिडकीतून गुलमोहर इतका लाल दिसत होता, की मला उगीचच धीर आला. अक्कांनी सुरुवात छान करून दिली. मग मी फळ्यावर गणित लिहिलं: वडिलांचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते दुप्पट होईल. तर आज दोघांची वयं किती?

पाठ केलेलं पहिलं वाक्य नीट आलं. दुसरंही आलं. मी लिहिलं, ‘लेट एक्स बी द एज ऑफ द डॉटर,’ आणि हात वर झाला.

चैत्रा. दोन वेण्या, चष्मा, आणि कुठल्याही गोष्टीवर गप्प न बसणारी. “मिस, व्हाय लेट? हू इज स्टॉपिंग एक्स?”

एक्सला अडवतंय कोण?

माझ्या पाठ केलेल्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. मुलं हसली. मागच्या रांगेत कुणीतरी पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ‘ती गणिताची पद्धतच आहे, पुढं चला,’ असं म्हणता आलं असतं. मी तेच म्हणणार होते. पण चैत्राचा चेहरा पाहिला आणि ती हसत नव्हती. ती खरंच विचारत होती. पंधरा वर्षांपूर्वी मला जे विचारायचं होतं आणि विचारता आलं नव्हतं, ते ही पोरगी सरळ उभी राहून विचारत होती.

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी नुसत्या भुवया उचलल्या. म्हणजे, मार खिळा.

मी खडू ठेवला आणि सांगून टाकलं. मोडक्या इंग्रजीत, काळ चुकवत, मधे एकदा मराठीत घसरून. लेट इट बी म्हणजे असू दे, म्हणून मी एक्सला असू दिलं. आय लेफ्ट एक्स अलोन. फुल मार्क्स फॉर काइंडनेस, झीरो फॉर मॅथ्स. मुलं खदखदून हसली, आणि मला आश्चर्य वाटलं, की ते हसणं मला लागलं नाही. ती माझ्यावर हसत नव्हती. माझ्याबरोबर त्या एक्सवर हसत होती. चैत्रा म्हणाली, “बट मिस, यू वेअर करेक्ट ओन्ली!” बंगळुरूची मुलं ‘ओन्ली’ अशीच कुठंही लावतात.

“मग घरी तुमच्या भाषेत हे कसं म्हणतात?” मी विचारलं. हे योजनेत नव्हतं.

आणि तिथून तास माझ्या हातातून सुटला, तो इतका सुंदर सुटला, की मी नुसती फळ्यावर लिहीत राहिले. चैत्रा म्हणाली, तिच्या भावाच्या कन्नड पुस्तकात ‘एक्स आगिरली’ असतं. “इरली, मिस! दुकानात म्हणतात ना, इरली इरली, तेच!” कुणी हिंदीतलं ‘माना’ सांगितलं. मी ‘समजा’ लिहिलं आणि माझी सातवीतली फजिती सांगितली. तेवढ्यात मागून आवाज आला. पालकांपैकी एक बाई राहवेना म्हणून उठून उभ्या राहिल्या होत्या. “तेलुगूत अनुकुंदाम,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आपण सगळे मिळून असं समजू या.” आणि लाजून बसल्या.

अक्का पुढं आल्या. त्यांनी चारही शब्दांखाली रेघ ओढली आणि मुलांना विचारलं, कुठला शब्द कुणाशी बोलतोय? मुलं तुटून पडली. समजा आणि माना वाचणाऱ्याला सांगतात. अनुकुंदाम सगळ्यांना सोबत घेतं. आगिरली कुणालाच हुकूम करत नाही, ते नुसतं होवो म्हणतं, आशीर्वादासारखं. आणि लेट?

“लेटमध्ये एक दार आहे,” अक्का इंग्रजीत म्हणाल्या. “कुणीतरी ते उघडतं. बाहेर एक्स उभा असतो. तो कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं, तरी आपण त्याला आत घेतो.”

घंटा झाली. मुलं उठायला तयार नव्हती. मी वळून फळ्याकडे पाहिलं. फळा पाच भाषांतल्या शब्दांनी भरला होता, आणि गणित पहिल्या ओळीवरच होतं. चाळीस मिनिटांच्या गणिताच्या डेमोत मी उत्तरच काढलं नव्हतं. एक्सला पुन्हा असू दिलं होतं.

कोऑर्डिनेटर मॅडम ‘थँक यू’ म्हणाल्या आणि वही मिटून निघून गेल्या.

त्यानंतरचा मे महिना मला वासावरून आठवतो. हातगाडीवरचे बदामी आंबे, वळवाच्या सरीनंतरची तापलेल्या रस्त्याची वाफ, अक्कांच्या घरची तुपातली फोडणी. मॅडमचा मेल येत नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आठवी चांगलीच आहे, आठवीची मुलं गोड असतात. आणि तरी नववीच्या नव्या पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण सोडवत होते, खाली वाक्यं लिहीत होते. माझी स्वतःची वाक्यं. चुकीची असतील, पण भाड्याची नव्हती. एखादं जमलं की एकटीच खोलीत फेऱ्या मारायचे. मला शिकवायला मिळणार नाही असं वाटत असताना मी आयुष्यात पहिल्यांदा शिकत होते, आणि मला ते लपवता येत नव्हतं. अक्का फोनवर म्हणाल्या, “काय गे, लग्न ठरल्यासारखी बोलतीस!”

मेल आला तेव्हा मी भाजी घेत होते. बनशंकरीच्या बाजारात, हातात कोथिंबिरीची जुडी. दोनच ओळी होत्या. पहिलीत लिहिलं होतं, ‘लेट स्वाती टेक बोथ सेक्शन्स ऑफ नाइन.’ स्वातीला नववीच्या दोन्ही तुकड्या घेऊ द्या. दुसरीत, ‘अँड प्लीज लेट द सम बी कम्प्लीटेड इन जून.’ आणि ते गणित जूनमध्ये पूर्ण होऊ द्या.

मी पहिला शब्द पुनःपुन्हा वाचला. लेट. अकरावीत मी चुकले नव्हते. अर्थ तोच होता. जाऊ द्या, येऊ द्या, करू द्या. भाजीवाली म्हणाली, “अक्का, कोथिंबीर घेणार की नुसती धरून उभी राहणार?” कन्नडमध्ये म्हणाली, पण मला अर्थ पक्का कळला. धरून चाला, म्हटलं होतं घाडगे सरांनी.

आणि मग जून. नवी पुस्तकं, ओल्या छत्र्यांचा कोपरा, पहिला बाय-टू. ते गणित आम्ही पूर्ण केलं. चैत्रानं वहीत गैरहजर मैत्रिणीसाठी वाक्यं लिहिली. इंग्रजीत होती, पण माझ्या मनात ती मराठीतच बसली आहेत: ‘मुलीचं वय आम्हाला माहीत नव्हतं. तरी आम्ही तिला नाव दिलं आणि तिच्याशी बोलायला लागलो. शेवटी तिनंच वय सांगितलं.’ मी त्या वहीवर ‘गुड’ लिहायचं विसरले. नुसती पाहत बसले.

आता तीच मुलं दहावीत आली आहेत, आणि त्यांच्याबरोबर मीही. मी फळ्यावर ‘लेट’ लिहिलं, की सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, “इरली!” शेजारच्या वर्गातल्या सरांनी दोनदा तक्रार केली आहे.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. ते त्यांच्या पद्धतीनं ऐकत होते, म्हणजे हात न थांबवता. असूदे या नावापाशी त्यांची कात्री क्षणभर थांबली. “हे सांगितलं नव्हतंस,” एवढंच म्हणाले. मग पुन्हा चालू झाली.

“मग त्या गणिताचं उत्तर काय आलं?”

“मुलगी बारा वर्षांची. वडील छत्तीस.”

आप्पांनी कागद खाली ठेवला. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. “म्हणजे आपणच की गं. सातवीत होतीस तू.”

वर्षभर ते गणित शिकवलं, चाचणीत घातलं, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बारा वर्षांनी मी चोवीस, ते अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी मी बंगळुरूला आले. गणित मी मनानं रचलं असं समजत होते. ते मनात आधीपासून बसलेलं होतं.

“त्या साली तुझी आत्या आली होती,” आप्पा म्हणाले. “आठवतंय?”

आठवत होतं. मी दुकानात पडद्यामागं इस्त्री करत होते. आत्या म्हणत होती, “पोरीचा हात चांगला आहे. शाळा पुरे आता, काजं-बटणं करायला बसव. तुलाही हातभार.” मशीन थांबलं. मी इस्त्री उचलून धरली, कापड जळू नये म्हणून आणि आवाज होऊ नये म्हणून. आप्पा म्हणाले होते, “शिकू दे तिला.” आणि मशीन परत सुरू झालं. बस एवढंच.

“तुम्ही एवढं खात्रीनं कसं म्हणालात तेव्हा?” मी विचारलं.

“खात्री कसली?” आप्पा हसले. “कापड किती आहे ते कुणाला ठाऊक होतं? नुसती खडूची रेघ मारली.”

त्यांनी गणिताच्या पुस्तकाचं कव्हर दुमडलं, कोपरे दाबले. पुढच्या बाजूला नाव लिहायला निळी रेघ आखून पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. मी नाव लिहिलं, विषय लिहिला, इयत्ता लिहिली. अक्षर सरळ आलं.

“मग उद्या पहिल्या तासाला काय शिकवणार?”

“लेट.”

“आँ? वर्षभर तेच शिकवलंस की! अजून झालं नाही?”

“नाही झालं, आप्पा.”

त्यांनी अंगठ्यानं ती निळी रेघ पुसली, पुस्तक गठ्ठ्यावर ठेवलं आणि शहाळेवाल्याच्या थाटात हात उडवून म्हणाले, “इरली बिडी.”